थट्टेचे भाऊबंद

२ डिसेंबर, शुक्रवार

म्हातारा पडला! बावीस वर्षं गादीवर बसलेला राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत पडला! रेडिओवर सांगितलं तेव्हा मी काजं करत होते, सुई बोटात गेली तरी कळलं नाही. आणि संध्याकाळी स्वतः टीव्हीवर येऊन त्यानं हसत हसत हार मान्य केली! आम्ही एकमेकींना चिमटे काढून बघितलं. फोन बंद, इंटरनेट बंद, तरी बातमी अख्ख्या सेरेकुंडात कशी पसरली देव जाणे. लोक गाड्यांच्या टपावर चढून नाचताहेत. मीही नाचले. या गुडघ्यांनी!

दुकानात हिरवे झगे टांगलेत, त्याच्या पक्षाच्या विजयाच्या मिरवणुकीसाठी शिवायला आलेले. आता ते कोण नेतंय! शिलाई बुडाली. बुडू दे.

३ डिसेंबर

दुकानात जत्रा भरली होती. गिऱ्हाईक न्जाईबाई हळूच विचारते, "हॅडी, या हिरव्याला निळा रंग चढेल का गं?" बायका फिदीफिदी हसल्या. परवापर्यंत हिरव्याशिवाय दुसरा रंग अंगाला लावत नव्हती ही!

तेवढ्यात अन्सुमाना कामावरून आला. माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो, एका सरकारी साहेबाची गाडी चालवतो. दारातूनच ओरडला, "ए बाजरीखाऊ, माझ्या गुलामांच्या वस्तीत आज एवढा दंगा कसला?"

आमची नेहमीची थट्टा. मी सोडते होय! म्हटलं, "बघा गं बायांनो हा भातखाऊ! म्हाताऱ्याच्या जमातीचा जोला, म्हाताऱ्याचंच मीठ खातो, आणि गोटी टाकून आला दुसऱ्याच्या पिंपात! मी याच्या मागेच होते रांगेत. घंटा कुठल्या पिंपात वाजली ते मी ऐकलं की!"

हसून हसून बायकांचे डोळे ओले. तोही छाती बडवून म्हणाला, "गुलामिणीला कान उगवले! आता भाव चढला, उद्याच विकायला काढतो."

मी काहीही ऐकलं नव्हतं. मताची गोटी पिंपात पडली की आतली घंटा वाजते, पण सगळ्या पिंपांची सारखीच. मी तर दुपारी गेले होते मत द्यायला, तो सकाळी.

९ डिसेंबर, शुक्रवार

फिरला! निकाल मान्य नाही म्हणतो. पुन्हा निवडणूक घ्या म्हणतो. चेहऱ्यावर तेच हसू!

आम्ही सगळे न्यिमाच्या ओट्यावर टीव्ही बघत बसलो होतो. न्यिमा अन्सुमानाची बायको. ती उठली आणि चुलीतली लाकडं उगाच पुढे-मागे सारत बसली. अन्सुमाना म्हणाला, "चला. मी पुन्हा सरकारी माणूस झालो." कोणी हसलं नाही. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे नाही बघितलं.

१० डिसेंबर

ते गोटीचं माझं बोलणं! काल तेच डोक्यात घेऊन झोपले, आज तेच घेऊन उठले.

कोण कोण होतं दुकानात? न्जाईबाई होती. तिचा नवरा कुठल्याशा सरकारी कचेरीत. बाजारातल्या दोघी-तिघी होत्या. दारात उभी राहून कोण कोण ऐकत होतं कोणाला ठाऊक. न्जाईबाईनं तर विचारलंसुद्धा होतं, "खरंच का गं?" आणि मी म्हटलं, "घंटेची शपथ!" जीभ आहे की कात्री माझी!

पण थट्टा आहे ही! आम्ही सेरेर आणि ते जोला, आजे-पणजे होते तेव्हापासून थट्टेचे भाऊबंद. गुलाम म्हणायचं, खादाड म्हणायचं, चोर म्हणायचं, आणि रागवायला बंदी. एक दिवस शिवी दिली नाही तर लोक विचारतात, भांडलात का? हे अख्ख्या देशाला ठाऊक आहे. मग मला घाम का फुटतोय?

१४ डिसेंबर

रस्त्याच्या तोंडाशी वाळूची पोती आणि शिपाई. निवडणुकीची कचेरी त्यांनी ताब्यात घेतली.

हिरवे झगे गेले. सगळे! एकेक बाई येते, नजर चुकवते, पैसे ठेवते, झगा पिशवीत कोंबून चालती होते. न्जाईबाई शेवटी आली. जाता जाता म्हणाली, "तुझा तो शेजारी बरा आहे ना?"

का विचारलं तिनं? याआधी कधी विचारलं होतं?

१८ डिसेंबर

आज धीर केला. अन्सुमाना झाडाखाली चहा उकळत बसला होता. म्हटलं, "सरहद्दीपलीकडे कासामान्सला तुझा भाऊ आहे. बायकोला घे आणि जा. चार दिवस राहून ये."

"का?"

"का म्हणजे? मी दुकानात काय बरळले ते विसरलास?"

त्यानं किटली उंच धरून पेल्यात धार सोडली. फेस येऊ दिला. मग म्हणाला, "आज पळालो तर तुझी थट्टा खरी ठरेल. इथंच राहिलो तर थट्टाच राहील. कळलं का, बाजरीचं पोतं?"

मला राहवलं नाही. विचारलं, "खरी होती का रे?"

"तुला सांगून टाकायची असती तर गोटी लपवून कशाला टाकली असती? घे, चहा पी. कडू आहे, तुझ्या जिभेला शोभेल."

प्यायले. बरं वाटलं थोडं. त्याचं म्हणणं बरोबरच आहे. असेल ना बरोबर?

२५ डिसेंबर

नाताळ. दरवर्षी आमच्या गल्लीतून कागदी कंदिलांची मिरवणूक निघते. यंदा नाही.

३ जानेवारी

रेडिओ लावला तर नुसती खरखर. स्टेशन बंद केलं म्हणतात. 'देशानं ठरवलंय' असं छापलेले सदरे घालणाऱ्या पोरांना उचलताहेत. एकानं मला तसला सदरा उसवून त्याच्या पिशव्या शिवायला सांगितल्या. मी अक्षरं आतल्या बाजूला घेतली.

लेकीचा, न्देलाचा फोन आला, सेनेगलातल्या काओलाकहून. "आई, इकडे ये. तुझे जावई गाडी घेऊन सरहद्दीवर येतील." म्हटलं, बघते. काय बघते? अन्सुमाना इथं असताना मी कुठल्या तोंडानं जाऊ!

१४ जानेवारी, शनिवार

नेला. नेला त्याला!

सकाळी सगळ्या नळावर होतो. बिननंबराची गाडी फाटकाशी थांबली. साध्या कपड्यातले दोघे उतरले. "अन्सुमाना सांबू कोण?" तो साहेबाची गाडी पुसत होता, फडकं हातातच. "मीच." "चल, पाच मिनिटांचं काम आहे."

माझं डोकं फिरलं. मी बादली टाकून मध्ये उभी राहिले आणि ओरडले, "ए! माझ्या गुलामाला न विचारता कुठं नेता? मालकीण इथं उभी आहे, दिसत नाही?"

त्यातला एक जोला असावा. ओठ हलले त्याचे, हसू येता येता राहिलं. दुसऱ्यानं त्याच्याकडे बघितलं, तसं तेही विझलं.

अन्सुमाना म्हणाला, "आत जा, हॅडी."

हॅडी! इतक्या वर्षांत त्यानं मला नावानं हाक मारली नव्हती. गाडी गेल्यावर मी तिथंच ओल्यात बसले. न्यिमानं मला उठवलं. तिनं मला!

१५ जानेवारी

न्यिमा पोलीस चौकी, छावणी, साहेबाचं घर, सगळीकडे जाऊन आली. कोणी म्हणतं इथं नाही, कोणी म्हणतं उद्या या. साहेबानं दारच उघडलं नाही. मी तिच्याबरोबर चालत होते. तोंडाशी येत होतं, न्यिमा, मी केलं हे. गिळत होते. भित्री!

१६ जानेवारी

न्जाईबाईच्या घरी जाऊन भांडून आले. वाट्टेल ते बोलले. "झगा नेलास, माणूसही नेलास!" ती रडायलाच लागली. "मी कशाला सांगू? माझाच नवरा माळ्यावर लपून बसलाय! सरकारवाले म्हणतात तू विरोधकांचा, लोक म्हणतात तू म्हाताऱ्याचा." वर खरंच कोणीतरी खोकलं.

खरं बोलत असेल. ती नसेल तर मग कोण? माझ्या दुकानात हसणाऱ्यांपैकी कोण?

१७ जानेवारी, मंगळवार

आणीबाणी. गल्ली रिकामी झाली. गाद्या, शेळ्या, पातेली, म्हातारी माणसं, सगळं बसच्या टपावर. धक्क्यावर फेरीबोटीत पाय ठेवायला जागा नाही म्हणे. म्हाताऱ्याला हटवायला सेनेगलचं सैन्य सरहद्दीवर येऊन उभं आहे. गोऱ्या पाहुण्यांनाही परत न्यायला लागलेत. आवारात आता न्यिमा आणि मी. ती म्हणते, तो आला आणि घराला कुलूप दिसलं तर?

न्देला फोनवर रडली. "त्या बाईसाठी तू मरणार का आई?" म्हटलं, ती एकटी आहे. निम्मंच सांगितलं. उरलेलं पोटच्या पोरीलाही सांगवेना.

१९ जानेवारी

निवडून आलेल्या नव्या माणसाची शपथ झाली, आपल्या देशात नाही, सेनेगलात, डाकारला! आम्ही दोघी रेडिओला कान लावून बसलो होतो, आवाज अगदी बारीक. न्यिमानं माझा हात इतका घट्ट धरला होता की वळ उठले. बाहेर कुत्रंही भुंकत नव्हतं. आता लढाई होणार? बाँब पडणार? आणि तो जिथं असेल तिथंच पडला तर?

२१ जानेवारी, शनिवार

गेला! म्हातारा विमानात बसून गेला! ढोल, भोंगे, पातेली, जे हाताला लागेल ते लोक बडवताहेत. शिपाईसुद्धा नाचताहेत लोकांबरोबर. आम्ही दोघी फाटकाशी स्टुलं टाकून बसलोय. आता सोडतील. आता कशाला ठेवतील?

२२ जानेवारी

काही जण सुटले. कोपऱ्यावरच्या घरातला एक आला. पाय सुजलेले, चपला हातात. त्याची आई त्याला चाचपून बघत होती, खरा आहे की नाही. न्यिमानं त्याला विचारलं. म्हणाला, पहिल्या दोन दिवसांत अन्सुमानाचा आवाज ऐकला होता पलीकडच्या खोलीतून. नंतर नाही. दुसरीकडे हलवला असेल.

हलवलाच असेल. न्यिमानं भुईमुगाचं कालवण आणि भात करून झाकून ठेवला. संध्याकाळी तेच ताट तिनं मला वाढलं.

उद्या सांगते तिला. तो यायच्या आत सांगितलं पाहिजे.

२३ जानेवारी

सापडला. शवागारात. कधीपासून होता, कोणी सांगत नाही.

२४ जानेवारी

गल्लीत अजून ढोल चालू आहेत. गावाकडून त्याची माणसं आली, आवार भरलं. मी दार लावून बसले होते. न्यिमा आली. मी तिच्या पायाशी बसले आणि एकदाचं ओकून टाकलं — ते मी बोलले होते, दुकानात, सगळ्यांसमोर.

म्हणाली, "ठाऊक आहे मला. त्याच संध्याकाळी घरी येऊन सांगितलं त्यानं, हसताना ठसका लागला होता. दुसऱ्या दिवशी कामावर सगळ्या ड्रायव्हरांना सांगत सुटला, माझी गुलामीण काय म्हणते ऐका!" डोईचं फडकं तिनं घट्ट बांधलं. "चल आता. सगळे तुझ्यासाठी थांबलेत. सेरेरानं शिव्या घातल्याशिवाय जोला मातीत जात नाही. लोकांना हसवायचंय तुला."

जातेय. पहिली शिवी कोणती द्यायची, सुचत नाही.