कोकिळा मॅडमचा हात

४ नोव्हेंबर

आले एकदाची जळगावला. पहिली नोकरी, पहिली खोली, पहिल्यांदाच घराबाहेर. आबा सोडायला आले होते. शिंदखेड्याहून निघताना आईने भरीत आणि कळण्याच्या भाकरी बांधून दिल्या होत्या. धुळ्याला गाडी बदलेपर्यंत आबांनी निम्मं भरीत संपवलं आणि वर म्हणाले, तुझं ओझं कमी केलं.

हॉस्पिटल मेहरूणमध्ये आहे. क्वार्टरच्या गच्चीवरून तलाव दिसतो. खोलीत माझ्यासोबत ज्योत्स्ना आहे, पारोळ्याची, माझ्या आधीच्या वर्षी लागलेली. फार शांत मुलगी. मी गावचं, कॉलेजचं सगळं सांगत बसले, ती ऐकत होती. मध्येच उठून कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

आबा निघाले तेव्हा त्यांचे डोळे भरले. मग मीही फाटकापाशी रडले. आमच्या मॅट्रन, कोकिळा मॅडम, तिथेच उभ्या होत्या. त्यांनी मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, किती छान रडतेस गं हर्षाली. मला हसूच आलं. इथे कुणीतरी मायेचं आहे, हे बरं झालं.

९ नोव्हेंबर

काम जमतंय. हाडांच्या वॉर्डात टाकलंय मला.

कोकिळा मॅडम संशोधन करतायत. पेशंटच्या मनाला बरं कशाने वाटतं आणि नव्या सिस्टर कामात कशा रुळतात, असा विषय आहे. रोज जेवणं आटोपली की नव्या सिस्टरने एका पेशंटजवळ बसायचं. हात हातात घ्यायचा, बोलू द्यायचं, उपदेश करायचा नाही. आणि शनिवारी मॅडम आम्हाला एकेकीला खोलीत बोलावून आमचा हात धरून बसतात. पेशंट सगळं आपल्यावर टाकतात, मग आपण कुठे टाकायचं, असं त्या म्हणाल्या. कॉलेजात हे कुणी विचारलं नव्हतं.

मला शेवंताबाई मिळाल्या. रावेरकडच्या, घरची केळी. खुब्याचं हाड मोडलंय. मुलगा हितेंद्रभाऊ सोबत असतो, आईचं सगळं मन लावून करतो. म्हातारी दचकून उठते, रडते, का ते सांगत नाही.

१५ नोव्हेंबर

काल शेवंताबाई बोलल्या. त्यांना विमल नावाची मुलगी होती, हितेंद्रभाऊंची मोठी बहीण. शेवंताबाई इकडे मळ्यात केळीचे घड ट्रकमध्ये चढवायला उभ्या होत्या आणि तिकडे पोर पाटाच्या पाण्यात गेली. त्याला तीसेक वर्षं झाली. अजून रोज जेवताना तिच्या नावाचा घास बाजूला काढतात.

बोलताना त्यांनी माझा हात करकचून धरला होता. मग पकड हळूहळू सैल झाली. तोंड पुसून म्हणाल्या, हलकं वाटतंय व माय, आता जेवते.

मी हात धुवायला बेसिनकडे गेले आणि तिथेच बसले. आतून हुंदका आला, तो माझा वाटत नव्हता. पाण्यात तरंगणारी लाल रिबीन डोळ्यांसमोरून हलेना. रिबिनीचं त्या काहीच बोलल्या नव्हत्या.

आज शनिवार. मॅडमनी हात धरला. त्यांचा हात गरम असतो, ताप असल्यासारखा. मी खूप रडले. बाहेर आले ती पिसासारखी हलकी होऊन. दोन प्लेट पोहे खाल्ले.

२४ नोव्हेंबर

शेवंताबाई आता अजिबात रडत नाहीत. डॉक्टरांनी माझं कौतुक केलं.

दुपारी हितेंद्रभाऊंनी व्हरांड्यात थांबवलं. आज विमलची तिथी. त्यांनी आईला आठवण करून दिली, तर ती म्हणाली, हो, होती एक पोर, मले आता काही वाटत नाही. आणि विचारलं, भाजी कशाची आहे. भाऊ म्हणाले, सिस्टर, ती रडत होती तेच बरं होतं हो. आमच्या घरात विमल तेवढीच उरली होती.

मी शेवंताबाईंजवळ गेले. छान हसल्या. डोळे स्वच्छ होते, धुऊन पालथ्या घातलेल्या भांड्यांसारखे.

मी ती रिबीन आठवायचा प्रयत्न केला. माझ्याकडेही नाही.

मग गेली कुठे?

३ डिसेंबर

कळलं.

औषधांची ट्रॉली ठेवायला मॅडमच्या खोलीवरून जात होते. दार लोटलेलं होतं. त्या एकट्याच खुर्चीत झुलत होत्या. विमल, माझी विमल, म्हणून रडत होत्या. पदर ओला झाला होता. गाल मात्र लहान मुलीसारखे तुकतुकीत. एखादं आवडीचं जेवण जेवताना माणूस कसा दिसतो, तशा दिसत होत्या.

मला पाहून त्यांनी डोळे पुसले. ये ना, म्हणाल्या. मी पळाले.

ज्योत्स्नाला सगळं सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. तिचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा मॅडमनी रोज तिचा हात धरला होता. म्हणाली, मला तेव्हा फार त्रास झाला असणार. असणार! तू इथून जात का नाहीस, असं विचारलं. थोडा विचार करून म्हणाली, कशासाठी जायचं, ते आठवत नाही. तूही रुळशील.

उद्या राजीनामा देते. आबांना फोन करून बोलावून घेते.

४ डिसेंबर

राजीनामा घेऊन गेले होते. खूप चिडले होते. तोंडावर बोलायचं सगळं ठरवलं होतं. मॅडमनी कागद बाजूला ठेवला आणि माझी दोन्ही मनगटं धरली. सोडवायचा प्रयत्न केला, जोर लावला, पण—

नंतर दुपारची ड्यूटी केली.

चिडले होते हे वर लिहिलंय, म्हणून कळतंय.

१७ डिसेंबर

शेवंताबाईंना डिस्चार्ज मिळाला. हितेंद्रभाऊ हात जोडून म्हणाले, काही परत देता येत असेल तर द्या. मी त्यांना गोळ्या कधी द्यायच्या ते समजावून सांगितलं.

निर्जंतुकीकरणाच्या मशीनला हात लागून भाजला. वास आला म्हणून पाहिलं.

मॅडम म्हणाल्या, लवकर रुळलीस.

६ जानेवारी

आबा गेले. सकाळी चहा घेताना छातीत कळ आली. आईचा फोन आला. मी म्हटलं, बरं.

मॅडम सोबत येतायत. गाडी त्यांनीच केली. वाटेत माझा हात धरून बसणार आहेत.

८ जानेवारी

काल जमलं नाही. आज लिहिते.

अंगणात आबांना ठेवलं होतं. आई माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, तुना आबा गयात ना, रडी ले माय. मी उभी होते. बायका माझ्याकडे बघत होत्या.

तेवढ्यात मॅडम गर्दीतून पुढे गेल्या आणि आबांच्या पायांवर पडल्या. आबा, आबा, म्हणून टाहो फोडला. सांगत होत्या, पांझरा नदीला पाणी होतं तेव्हा तुम्ही मला खांद्यावर बसवून परीक्षेला नेलं. माझी वही डोक्यावर धरली. स्वतः छातीपर्यंत भिजलात आणि मी पेपर लिहून येईपर्यंत शाळेबाहेर तसेच उभे राहिलात.

ती मी होते. आबांच्या खांद्यावर मी होते. हे मला माहीत आहे. पण जिल्ह्याची ठिकाणं माहीत असतात तसं.

बायकांनी मॅडमना पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला. कुणीतरी विचारलं, ही मोठी लेक का?

आबांचा चेहरा पाहिला. एक म्हातारा माणूस. दाढी वाढलेली.

१९ जानेवारी

परत ड्यूटीवर.

आई जेवत नाही. आबांचा शर्ट उशाला घेऊन बसते. मॅडम तिला रोज फोन करतात. म्हणाल्या, इकडेच आण चार दिवस. एवढं दुःख घेऊन बाईने एकटं राहू नये.

नको म्हणायला हवं होतं.

म्हटलं नाही.

२२ जानेवारी

आई आली. स्टँडवर मॅडम घ्यायला आल्या होत्या. त्यांनी तिथूनच तिचा हात धरला—

आता दोघी मॅडमच्या खोलीत. मी बाहेर बाकावर, वही मांडीवर. दार उघडंच आहे. आई लग्नानंतरचं सांगतेय, आबांनी तिला सायकल शिकवली ते. आधी फार रडत होती. आता कमी—

काय चाललंय ते मला ठाऊक आहे. आत जायचं, आईला उठवायचं, बाहेर आणायचं. कुणी अडवणार नाही. पाय धड आहेत. नुसतं वाटत नाही—

आई थांबली. कुणीतरी हुंदके देतंय. मॅडम.

आई विचारतेय, परतीची गाडी कधी आहे. अगदी साध्या आवाजात.

अजून थोडं उरलं असेल तिच्यात. अजून मी उठले तर. उठते. उठून आईला—