आईच्या तळपायावरचा डाग

नाना,

तुम्ही शेतातून याल तोवर मी आईला घेऊन जळगावला गेलेली असेन. भाकरी टोपलीत झाकून ठेवल्या आहेत.

मला बघायला आलेल्या सोनगीरच्या पाहुण्यांना माझ्या गालावरचा तीळ खुपला, तर तुम्ही दुसऱ्याच दिवशी मला जळगावच्या डॉक्टरांकडे नेलंत. ते हसून म्हणाले, "जन्माचा तीळ आहे, काही धोका नाही." तेव्हा मी आईच्या तळपायावरच्या काळ्या डागाबद्दल विचारलं. त्यांचं हसू गेलं. "वाढतोय? रक्त येतं? मग ताबडतोब आणा. कापून तपासायला पाठवावा लागेल."

तुम्ही शेजारीच बसला होतात. घरी आल्यावर म्हणालात, "कापूस घरात येऊ दे, मंग पाहू," आणि आईला त्या डागावर चुना लावायला सांगितलंत. नाना, चुना! काल तिची चप्पल रक्ताने भिजली होती. तरी ती मलाच म्हणते, "नानांले नको सांगू."

म्हणून लिहून ठेवते आहे. कापायच्या आधी डॉक्टर घरच्या माणसाची सही मागतील. आई दाराकडे बघत बसेल, मला माहीत आहे. तुम्ही आला नाहीत तर सही मी करीन.

रत्नमाला