थेंब येईपर्यंत

९ जानेवारी
त्या सकाळी दूध तापवलं, मटकी उपसून फडक्यात बांधली, ह्यांचे दोन बनियन दोरीवर टाकले. हर्नियाचं छोटंसं ऑपरेशन, संध्याकाळी परत यायचे होते. बनियन वाळले, मी घड्या करून ठेवल्या. हे टेबलावरच गेले. हृदय थांबलं. सहा वर्षं झाली.
आज आठवायचं काही कारण नाही. शर्वरीने मोतीबिंदूचा विषय काढला, एवढंच.
मला मोतीबिंदू नाही. लखनौला धुकं आहे. हवेतल्या सूक्ष्म कणांवरचं ताजं संशोधन वाचलंय, ते लेकीला समजावलं. ती म्हणाली, "आई, कोहरा बाहर है. आप रसोई में हो." मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत. निशातगंजात वाढली, काय करणार.

१३ जानेवारी
भिंगातून दोन तास वाचन. मोतीबिंदू विरघळवणारे थेंब शोधतायत! प्राण्यांवर प्रयोग झालेत. म्हणजे बाटली आता येईलच. निश्चय: चाकू नाही, थेंब. (मोतीबिंदू नाहीच. असलाच तर.)

१८ जानेवारी
इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात माझं व्याख्यान: 'विज्ञानाची ताजी भरारी'. सुलभाताई अध्यक्ष. विधवेला प्रमुख पाहुणी केलं की कुंकवाचा पेच सुटतो, थेट शाल आणि नारळ.
चाळीस मिनिटं बोलले. माणसाच्या रक्तात प्लास्टिकचे कण. दोन कृष्णविवरांच्या टकरीने हललेलं अवकाश. वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं. प्रश्न फक्त शेवटच्यावर आले.
पहिल्या रांगेत कडेला लाल साडीतली एक बाई. एकदाही चुळबुळ नाही. तिच्याकडे बघूनच बोलले. शेवटी मुद्दाम खाली उतरून तिला तिळगूळ दिला, गोड बोला म्हटलं. बोलली नाही. भारावली असावी.

१९ जानेवारी
सुलभाताईंचा फोन. "अहो लतिकाताई, त्या खुर्च्या होत्या! एकावर एक रचलेल्या. तिळगूळ अजून वरच्या खुर्चीवर आहे."
हॉलमधले दिवे फार वाईट आहेत. तसं त्यांना सांगितलं.

४ फेब्रुवारी
धुकं गेलं. माझं आहे. शर्वरी म्हणते, आज हवा साफ आहे, मोबाइलवर बघ. मोबाइलवर मला काही दिसत नाही, त्यामुळे पुरावा ग्राह्य नाही.
थेंबांची बातमी नाही.

२१ फेब्रुवारी
चहात मीठ पडलं. शर्वरी मुकाट्याने प्यायली. ही पोरगी गप्प राहिली की मला भीती वाटते. मीठ कमी खाण्याविषयी नवं संशोधन सांगितलं.

९ मार्च
ह्यांच्या फोटोचा रंग उडाला. मिशी आहे, वर सगळं राखाडी. साधं भौतिकशास्त्र आहे. प्रकाशाने रंगाचे रेणू तुटतात. फ्रेम काढून शर्वरीबरोबर हजरतगंजला गेले आणि फोटोवाल्याला धारेवर धरलं. सहा वर्षांत रंग उडणारा कागद वापरता? रेणूंचंही ऐकवलं.
त्याने फोटो दारात, उजेडात नेला. "माताजी, साहब तो एकदम साफ हैं. टाई की गाँठ तक दिख रही है."
मी म्हटलं, नीट बघा.
तो म्हणाला, "आप देखिए."

११ मार्च
परवाचं राहिलं. येताना रिक्षात फोटो मांडीवर होता. शर्वरीला विचारलं, मिशीच्या वर काय आहे गं?
ती चक्क मराठीत बोलली. "बाबा हसतायत, आई."
बँकेच्या ओळखपत्राचा फोटो. त्यात हसायचं काय कारण होतं ह्यांना! रोज पुसते मी तो. हे हसतायत हे विसरलेच होते.
घरी आल्यावर शर्वरीला विचारलं, टेबलावर माझं हृदय थांबलं तर? ती म्हणाली, डोळा सुन्न करतात, आई, तुला झोपवत नाहीत. मी म्हटलं, बरं, म्हणजे भांडता येईल.
काल दवाखान्यात जाऊन डोळे तपासून घेतले आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या कागदावर सही केली.