वरचा देश, खालचा देश

४ सप्टेंबर

पाणी गेलं! अंगाला साबण, डोळ्यांत साबण आणि नळ नुसता फुसफुसतोय. जाऊबाईंनी वरून पुन्हा आमच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद केला. घर एकच, टाकी गच्चीवर, ती वरच्या मजल्यावर, मी खाली – म्हणजे तिची मर्जी असेल तोवर माझी आंघोळ. जाऊन विचारणार कशी? दोन वर्षं बोलणं बंद! ह्यांनी दारातून बादली आत सरकवली आणि वर 'शेजारी राष्ट्राचा तीव्र निषेध' म्हणाले. फाजीलपणा नुसता.

कॉलेजला तशाच चिकट केसांनी गेले.

५ सप्टेंबर

निवृत्तीनंतर आंतरराष्ट्रीय संबंध शिकायला बसले, त्याचं कौतुक सगळ्यात जास्त मलाच! वर्गातली पोरं मला 'महासत्ता' म्हणतात. वयावरून की आकारावरून, ते मी विचारलेलं नाही.

मॅडमनी तोंडी परीक्षेचा विषय दिला. जगभर नद्यांवरून तंटे चाललेत. पाऊस बेभरवशाचा, वरचा देश धरण बांधतो, खालचा तहानेने व्याकूळ होतो, नाहीतर न सांगता सोडलेल्या पाण्यात बुडतो. आम्ही दोन काल्पनिक देश घ्यायचे, एक नदी, एक दुष्काळ. ज्याने त्याने आपल्या देशाची बाजू मांडायची, सिद्धान्त लावून. मी लगेच हात वर केला – खालचा देश मला द्या, मी तो रोज जगते! मॅडम म्हणाल्या, "म्हणूनच तुम्हाला वरचा."

घ्या! आता मी जाऊबाईंची वकिली करायची.

१० सप्टेंबर

एक ओळ लिहून झाली: 'वरचा देश पाणी अडवतो, कारण तो दुष्ट आहे.' मॅडमनी त्यावर लाल रेघ मारली. दुष्टपणा हा सिद्धान्त नाही म्हणे.

वास्तववाद मात्र पटकन कळला. देशांच्या डोक्यावर कोणी फौजदार नाही, म्हणून ज्याचं त्याने सांभाळायचं. बळी तो कान पिळी. आमच्याकडेही सासूबाई गेल्यापासून फौजदार नाहीच. त्यांच्या शिवणयंत्रावरून आम्हा दोघींची जुंपली. मी तणतणत खाली आले, माझी निळी छत्रीसुद्धा वरच राहिली. ती गेलीच समजायची.

आज 'सुरक्षेचा पेच' शिकवला. एक देश भीतीपोटी कुंपण घालतो. शेजाऱ्याला वाटतं, ही चढाईची तयारी. तो त्याहून उंच घालतो. दोघंही भित्रे आणि दोघांनाही समोरचा गुंड वाटतो. मला आपलं आतल्या जिन्याचं दार आठवलं. भांडणानंतर मी माझ्या बाजूने कडी बसवली. दुसऱ्याच दिवशी दारापलीकडून ठाकठूक – तिनेही बसवली! मग मी दुसरी बसवली, जाडजूड, वर कुलूप. हे म्हणाले, आता तोफ कधी येणार?

पण आमचं वेगळं आहे. ती खरोखरच तशी आहे.

१६ सप्टेंबर

लिहिणं पुढे सरकत नाही. वरचा देश पाणी का अडवतो, हे मला ठाऊकच नाही. परीक्षा डोक्यावर आली!

हे आणि भाऊजी रोज सकाळी फाटकाशी चहाचे कप घेऊन उभे असतात, आमचं युद्ध चालू असूनही. याला पडद्याआडची वाटाघाट म्हणतात. त्याच वाटेने निरोप धाडला: अभ्यासासाठी वरच्या देशाची मुलाखत हवी. उत्तर आलं: उद्या चारला ये.

१७ सप्टेंबर

गेले, बाहेरच्या जिन्याने. तिने आधी पाणी दिलं – पाणी! मला हसूच आलं, तर तीही हसली.

मग रीतसर विचारलं. ती म्हणाली, तू खाली नळ सोडलास की माझ्याकडे धारच येत नाही, म्हणून धुणीभांडी उरकेपर्यंत बंद करते. म्हटलं, ताई, एवढंच होतं तर सांगायचं ना.

"सांगणार कुठून? तू दाराला कुलूप ठोकलंस."

फार वाईट वाटलं. तिचे केस पांढरे झालेत, मी नीट पाहिलंच नव्हतं.

मग तिनेच विचारलं, तुझ्या पुस्तकातले देश काय करतात? सांगितलं, कित्येक देश एकमेकांवर विश्वास नसला तरी नदीची पातळी कळवतात. ती म्हणाली, मग मीही कळवीन. तह झाला! बंद करण्याआधी पाइपवर दोनदा टकटक.

१८ सप्टेंबर

टक टक! बादल्या भरल्या. साबणासकट आंघोळ पार पडली. दिवसभर गुणगुणतेय.

२४ सप्टेंबर

परीक्षा झाली, आणि काय झाली! खालच्या देशातर्फे चष्मिस होता, वर्गातला सगळ्यात हुशार. त्याने धमक्या दिल्या, निर्बंध घातले. मी म्हटलं, बाबा रे, मलाही पाणी पुरत नाही. विश्वास बसेल तेव्हा बसेल, आधी बंद कधी करणार ते एकमेकांना कळवू या. त्याने वही मिटली. मॅडमनी विचारलं, हे कुठल्या विचारवंताचं? म्हटलं, माझ्या जाऊबाईंचं. सगळा वर्ग खो खो हसला, मॅडमसुद्धा. पैकीच्या पैकी!

घरी येताना वाटलं, ह्यांच्याआधी तिला सांगावं. पण बाहेरच्या जिन्याने पाहुण्यासारखं किती दिवस जायचं?

२५ सप्टेंबर

सकाळी आतल्या दाराचं कुलूप काढलं. माझ्या दोन्ही कड्या काढल्या. तिची कडी असणारच, म्हणून दार वाजवायला हात टेकला, तर ते उघडलंच. तिच्या बाजूला कडी नव्हती. कधी बसवलेलीच नव्हती. दाराला एक खुंटी ठोकलेली होती, आणि तिच्यावर माझी निळी छत्री.