खुर्चीवरची उशी

फेल्गेइरास, २० जुलै

प्रिय उंबेलिनाताई,

तुला आणि भावजींना सप्रेम नमस्कार. त्यांचा गुडघा कसा आहे? इकडे सगळं ठीक. बटाटे काढले, द्राक्षं अजून आंबट. लक्झेंबर्गहून सुट्टीला याल तेव्हा कॉड मासा मीच करीन, तू नुसती बसून नावं ठेव.

आमच्या बुटांच्या कारखान्यात नवं शिवणयंत्र आलंय आणि ते सांभाळायला कोण, तर माझी इल्दा! पोर्तोला शिकल्याचं चीज झालं. पगार माझ्या तिप्पट. मी लग्नाआधीपासून सुई धरतेय, म्हणून छेडलं, "माझ्या हाताला गंज चढला का गं?"

"हात तोच आहे गं आई. पण यंत्र चालवणारे शोधून सापडत नाहीत, म्हणून मालक माझे लाड करतो. सुई धरणाऱ्या घरोघरी आहेत. आणि गरीब देशांत तर याहून स्वस्त."

खरं तेच बोलली, म्हणून जास्त लागलं.

यंत्राला एकच गोष्ट जमत नव्हती, बुटाच्या टोकावरच्या चुण्या. त्या आम्ही बायका हातानं घालतो. इल्दानं माझ्या टेबलावर कॅमेरा लावला. माझे हात बघून यंत्र शिकणार. ताई, मला इतकी भीती वाटली, की मी मुद्दाम दोरा ढिला ओढू लागले. यंत्रही तसंच ढिलं शिवू लागलं. मालकानं सगळ्यांदेखत इल्दाला झापलं, "सुट्टीआधी जमलं नाही, तर नोकरी विसर!" पोरीचे डोळे भरून आले. मग मला राहवेना. आईनं शिकवल्या तशा चुण्या घातल्या, मन लावून. काल यंत्रानं पहिला चांगला बूट शिवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

तुला आठवतं ना, ऑगस्टसाठी कारखाना बंद होताना आम्ही आपापली उशी खुर्चीवरच ठेवतो? घरी नेली की बाई परत येत नाही म्हणतात. गेल्या वर्षी झुल्मिरा धुवायला नेत होती, तर आम्ही हसून हसून तिला परत ठेवायला लावली.

काल घरी येताना गाडी इल्दाच चालवत होती. रस्त्यावरून नजर न हटवता म्हणाली, "आई, यंदा उशी घरी आण."

मी न ऐकल्यासारखं केलं.

तू साफसफाईला जातेस तिथं आणखी एक बाई लागेल का गं? येण्याआधी विचारून ठेव. इल्दाला मात्र कळू देऊ नकोस, ती स्वतःला दोष देत बसेल.

पुढच्या शुक्रवारी कारखाना बंद होतोय. उशी मी तिथंच ठेवणार आहे.

तुझी घाबरलेली धाकटी,
देओलिंदा