चांदीच्या कागदातली चिप

भाऊ,

तुम्ही माझ्या हातात ठेवलेली ती चिप मी मागच्या मंगळवारी वाचली. तेवीस वर्षं ती माझ्याकडे आहे, चहाच्या पुड्यातल्या चांदीच्या कागदात गुंडाळलेली, टेबलाच्या वरच्या खणात, स्क्रू-ड्रायव्हरच्या डब्याशेजारी. तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली. मधे जी दहा वर्षं उरतात, त्यांतल्या कुठल्याही दिवशी तुम्ही मला एक वाक्य सांगू शकला असता. सांगितलं नाही. म्हणून आता मी सांगतो, आणि क्रमाने सांगतो, कारण कामाचं वर्णन उलटसुलट केलेलं तुम्हाला चालत नसे.

तो दिवस तुम्ही विसरला नसणारच. सीताबर्डीच्या गल्लीतलं आपलं कॉम्प्युटर-दुरुस्तीचं दुकान, जिना चढून गेल्यावर डाव्या हाताला. दुपारचे बारा वाजले आहेत. काटोलचा संत्र्याचा व्यापारी पहिल्या बसने मशीन घेऊन आलाय आणि समोरच्या स्टुलावर बसून आहे. त्याने मोठी हार्ड डिस्क घेतली होती आणि जुना मदरबोर्ड ती ओळखत नव्हता. त्यासाठी बायोस बदलायला हवा होता, म्हणजे बोर्डावरच्या छोट्या चिपमध्ये बसलेला तो पहिला प्रोग्राम, जो मशीन चालू झाल्याबरोबर त्याला काय काय जोडलं आहे ते ओळखतो. तो पुसून नवा लिहायला मिनिटभर लागतं, आणि त्या मिनिटात काही बिघडलं तर बोर्ड गेला. मी चोवीस वर्षांचा. कॉलेज अर्धवट सोडलेलं, इंग्रजी मॅन्युअलं शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलेली. बोर्डाचा नंबर मी टॉर्च मारून वाचला, कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांतला रिव्हिजनसुद्धा, म्हणजे त्याच नावाच्या बोर्डाची कितवी आवृत्ती ते: एक पॉइंट शून्य. चिठ्ठीवर लिहून तुम्हाला दिला आणि माझ्या वहीतही उतरवला. तुम्ही आतल्या मशीनवर फाइल शोधलीत, फ्लॉपी बनवून आणलीत आणि म्हणालात, टाक. मी टाकली. लिहिणं संपत आलं असताना दिवे मिचमिचले आणि यूपीएस दोनदा ओरडला. मग स्क्रीन काळा. पुन्हा बटण दाबलं, काळाच.

तुम्ही उठून आलात. मशीनकडे पाहिलं नाहीत, माझ्याकडे पाहिलंत, आणि तेही व्यापाऱ्यासमोर. सकाळी यूपीएसची बॅटरी तपासली होती का, एवढंच विचारलंत. मी म्हटलं, नाही.

“काहून नाही तपासली गा? चालू मशीनले हात लावाच्या आधी आपला हात पाहून घ्या लागते.”

व्यापारीच बिचारा म्हणाला, जाऊ द्या ना, नवीन आहे तो. तुम्ही त्याला स्टॉकमधला दुसरा बोर्ड बसवून दिलात. संध्याकाळी मेलेल्या बोर्डाची चिप चिमट्याने काढलीत, माझ्या तळहातावर ठेवलीत आणि म्हणालात, “ठेव. जनमभर लक्षात राहीन.”

राहिलं. तेवीस वर्षांत मी कुणाच्याही मशीनचा बायोस बदलला नाही. प्रताप नगरात माझं स्वतःचं दुकान झालं. मशीन जोडण्यात माझा हात धरणारा या बाजूला नाही असं लोक म्हणतात, आणि मी त्यांना अडवत नाही. वायरी कशा बांधाव्यात, प्रोसेसरवर पेस्ट किती लावावी, कुठल्या पंख्याचं तोंड कुठे, सगळं माझं मी शिकलो. मला कोणी शिकवलं नाही, हे गिऱ्हाइकाला आवर्जून सांगतो. पण बायोसचा विषय निघाला की माझ्या तोंडून तुमचाच आवाज यायचा, चालू मशीनला हात लावायचा नाही. समोरच्याला ते तत्त्व वाटायचं. पुढे पुढे मलाही वाटायला लागलं. ती भीती होती, भाऊ, आणि ती तुम्ही घातलेली होती.

आता गांधीबागेतलं मशीन. साड्यांच्या छपाईसाठी काठ-पदराची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढतात, तशा एका दुकानासाठी मी ते मागच्या वर्षी जोडलं. एकेक भाग माझ्या निवडीचा, प्रोसेसर तर सगळ्यात वरचा. त्यावर बसणाऱ्या डिझायनर बाई पस्तिशीच्या, शेटजींकडे पाच वर्षांपासून आहेत. दिवाळीनंतर मशीन मधेच गोठायला लागलं. बाईंचा पदर काढून होत आला की स्क्रीन निळा, आणि सकाळपासूनचं काम गेलं. मला तीनदा बोलावलं. मी रॅम बदलून पाहिली, पॉवर सप्लाय बदलला, विंडोज नव्याने टाकलं. माझ्यासमोर ते एकदाही बंद पडलं नाही. तिसऱ्या वेळी शेटजी गल्ल्यावरून ऐकत असताना मी सांगून टाकलं की मशीनमध्ये काही नाही, ताई एका वेळी दहा-दहा फाइली उघडतात, त्याने होतं. बाईंनी माउस बाजूला ठेवला.

“दादा, जुन्या डब्ब्यावर पण मी दहाच उघडत होती. तो काहून नाही बंद पडला?”

मी म्हटलं, “तो हळू होता ताई, म्हणून तुम्हीही हळू होत्या.”

शेटजी हसले. थान उलगडून दाखवणारे दोघंही हसले. बाई हसल्या नाहीत. या महिन्याच्या सुरुवातीला शेटजींनी मला बाजूला घेऊन सांगितलं की लग्नसराईची कामं तोंडावर आली आहेत आणि रोजचं हे रडगाणं परवडत नाही. दुसरी डिझायनर पाहून ठेवली आहे, हिला महिनाअखेरीस मोकळं करणार. मी मान हलवली.

त्यानंतर चारच दिवसांनी प्रोसेसरच्या कंपनीचं निवेदन वाचनात आलं. मी ते पूर्ण वाचलं, दोनदा, खालच्या बारीक अक्षरांतल्या टिपांसकट. त्या जातीच्या प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात होतं, त्याने तो आतून झिजतो आणि मशीन मधेच गोठतं. उपाय एकच, बायोस बदला. झिजलं ते भरून येणार नाही, पुढचं थांबेल. लोक कितीतरी महिन्यांपासून तक्रारी करत होते आणि त्यांना उत्तर मिळत होतं की तुमच्या वापरण्यात काहीतरी चुकत असेल. हे वाक्य वाचून मी स्क्रीनसमोरून उठलो आणि दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो.

हात नाही लावला तर ते मशीन रोज थोडं थोडं मरणार, आणि दोष बाईंच्या हाताला लागणार. हात लावला आणि दिवे मिचमिचले, तर ते माझ्या हाताखाली त्या मिनिटाला मरणार. वर बायोस का बदलतोय हे शेटजींना सांगावं लागणार. मी तीन आठवडे काहीच केलं नाही. बोर्डाच्या कंपनीच्या पानावर रोज जायचो, फाइल उतरवून ठेवायचो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच उतरवायचो.

शेवटी चिपा वाचणारं, लिहिणारं तळहाताएवढं एक यंत्र मागवलं. बोर्ड गेलाच तर चिप बाहेरून पुन्हा लिहिता यावी म्हणून. जुन्या-नव्या दोन्ही जातींच्या चिपा त्यावर बसतात. आधी मेलेल्या चिपेवर हात बसवावा म्हणून खणातून तुमची चिप काढली. मला वाटलं होतं, अर्धी भरलेली निघेल, दिवे मिचमिचले तिथे तुटलेली. ती शेवटपर्यंत भरलेली होती, भाऊ. फाइल पुरी उतरली की नाही ते सांगणारी बेरीज जुळली, एक बाइट कमी नाही. मग नाव पाहिलं, कारण बोर्डाचं नाव आत साध्या अक्षरांत लिहिलेलं असतं. नाव बरोबर. पुढे रिव्हिजन: दोन पॉइंट शून्य. मी माळ्यावरून जुनी वही काढली. माझं अक्षर तेव्हाही चांगलं होतं. एक पॉइंट शून्य.

दिव्यांनी काही केलं नव्हतं. यूपीएसने काही केलं नव्हतं. माझी चिठ्ठी बरोबर होती आणि तुमची फ्लॉपी दुसऱ्याच बोर्डाची होती.

चूक होते. नाव एक आणि बोर्ड दोन, तिथे माझ्याकडूनही झाली असती. मला राग त्याचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात आलो तेव्हा तुम्ही जमिनीवर बसून होता, सगळ्या फ्लॉप्या पुढ्यात मांडून. कात्री, डिंक, कागदाच्या पट्ट्या. प्रत्येक फ्लॉपीवर बोर्डाचा पूर्ण नंबर लिहीत होता, रिव्हिजनसकट. तुम्ही, ज्यांनी कधी साधं लेबल लावलं नव्हतं. मला वाटलं, माझ्या चुकीपायी तुम्हाला हे करावं लागतंय, आणि मी मेल्याहून मेल्यासारखा होऊन तुमच्यासाठी चहा आणायला खाली उतरलो. तुम्हाला त्या सकाळी माहीत होतं. त्याच्याही आधी माहीत होतं की नाही, तेवढं मला ठरवता येत नाही. पण चिप माझ्याकडे आहे हे ठाऊक असूनही तुम्ही ती कधी परत मागितली नाहीत, कारण हा ती कधी वाचू शकेल असं तुम्हाला वाटलंच नाही. मला सगळ्यात जास्त ते लागलं.

आणि दवाखाना. मी मोसंबी घेऊन आलो होतो. तुम्ही उशीला टेकून बसला होता. मी म्हटलं, भाऊ, काटोलवाल्याच्या बोर्डाचं तेवढं मनात ठेवू नका, माफ करा. तुम्ही खिडकीकडे पाहत राहिलात आणि म्हणालात, “जाऊ दे गा. होऊन जाते.” तुम्ही माझी माफी घेतलीत. मी जिना उतरलो तो हलका होऊन. फाटकाशी उभं राहून चहा प्यायलो, आणि तो मला गोड लागला होता.

एवढं सगळं मंगळवारी कळलं, आणि बुधवारी मी काय योजलं ते ऐका. रविवारी दुकान बंद असतं, किल्ली शेटजी मला देतात. गुपचूप बायोस बदलून यायचं. मशीन गोठायचं थांबेल, शेटजी म्हणतील बाईंना समज दिली तर सुधारल्या, आणि कदाचित त्यांना ठेवतीलही. कुणाचं काही बिघडत नाही. दिवसभर मला हे पटत होतं. संध्याकाळी फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि त्यावर नंबर-रिव्हिजन लिहून चिकटवायला कागदाची पट्टी कापायला बसलो. अर्ध्यातच कात्री खाली ठेवली.

गुरुवारी अकराला गेलो. यूपीएसवर दोन दिवे लावून तो वीस मिनिटं चालवून पाहिला, रिव्हिजन तीनदा वाचला. मग शेटजींना गल्ल्यावरून बोलावून, बाईंच्या समोर सांगितलं की दोष प्रोसेसरचा आहे, आणि तो प्रोसेसर माझ्या निवडीचा.

शेटजी म्हणाले, “म्हणजे बाईची चूक नव्हती?”

“नव्हती.”

“अन त्या दहा फाइली?”

मी म्हटलं, वीस उघडल्या तरी चालायला पाहिजे होतं.

सहा मिनिटं लागली. मधे स्क्रीन काळा झाला, पंखा थांबला, आणि मी चोवीस वर्षांचा होऊन उभा होतो. मग पंखा फिरला. बाई खुर्चीवर बसल्या आणि एकेक फाइल उघडत मोठ्याने मोजायला लागल्या, अगदी सावकाश. अकरावर थांबून त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. शेटजी घसा खाकरत, दुसऱ्या बाईंना नाही म्हणून कळवतो असं पुटपुटत गल्ल्याकडे गेले. मी वायर गुंडाळत होतो तेव्हा बाईंनी विचारलं, “दादा, हे तुम्हाले केव्हा कळलं?”

हे पत्र मी चिपेसोबत त्याच खणात ठेवणार आहे. वहिनींना नेऊन द्यावं असं एकदा वाटलं, पण त्यांचा त्यात काय दोष. तुम्हाला मी अजून माफ केलेलं नाही, आणि लवकर करेन असं दिसत नाही. तेवढं एक लिहायचं राहिलं. तीन आठवडे मला माहीत होतं, आणि बाईंना मी म्हटलं, “परवा कळलं.”