हिरवी चिठ्ठी कुठली

२ जून, सोमवार
आलं ते — थोरल्या लेकीकडून तिचा जुना कॉम्प्युटर, पेटी एक. फुकट, हमाली मात्र पदरची. ह्यांनी आणलेले टोमॅटो अर्धा किलो, त्यातले निम्मे कच्चे. नेहमीचंच.

पेटीत लेकीचं पत्र. घरखर्चाचा प्रोग्राम तिने स्वतः लिहिलाय. आम्ही महिनाभर वापरायचा आणि चुका कळवायच्या. खाली सोन्याबद्दल, म्हणजे तिच्या मुलाबद्दल. चित्रकलेच्या बाईंची रोज तक्रार — झाडांची पानं तपकिरी रंगवतो, सांगून ऐकत नाही. वर्गासमोर त्याचं चित्र फाडलं. ‘हट्टीपणा आहे नुसता, आई. परवा मीही एक धपाटा दिला.’ वाचून जेवण गेलं नाही. देवापुढे बसले तेव्हा त्याच्यासाठीच मागितलं.

४ जून
मी सांगते, हे टंकतात. छापखान्यात जन्म गेला, बोटं अजून चालतात. पडद्यावर ओळीने चार चिठ्ठ्या, टॅब म्हणतात त्यांना — किराणा, दूध, औषधं, देवाचं. दाबू ते पान पुढे येतं. पानं दिसायला सगळी सारखी. उघडं कुठलं ते चिठ्ठीच्या रंगावरून ओळखायचं. उघडी हिरवी, बाकीच्या लाल. सोपं आहे.

७ जून
दूध औषधांत! साबण देवाच्या पानावर!
“अहो, हिरवी बघून लिहा की.”
“बघूनच लिहितो.”
“मग देवाला साबण कशाला?”
“तुझा देव टापटिपीचा आहे, लागत असेल.”
हसू आलं. पण सगळं पुन्हा लिहायला लावलं.

८ जून
ह्यांचा चष्मा पुसून दिला. फरक नाही.

१० जून
आज हे पाणी प्यायला उठले तेवढ्यात मी दुधाचं पान उघडून ठेवलं. आल्यावर विचारलं, “कुठलं उघडं आहे?”
बराच वेळ बघत राहिले. “औषधं.”
“हिरवी कुठली ते बघा ना.”
“जी उघडी असेल ती.”
मी हसले. हे हसले नाहीत. मग हळूच म्हणाले, “मला चारही एकसारख्याच दिसतात गं. लहानपणापासून असंच. छापखान्यात शाई काळी, तिथे निभावलं. आधी सांगितलं असतं तर तुझ्या वडिलांनी मुलगी दिली असती का?”

इतकी वर्षं संसार केला, आणि त्या टोमॅटोंवरून मी किती बोलले ह्यांना. आता टोमॅटो मी आणीन.

१२ जून
डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. रंगीत ठिपक्यांचं चित्र पुढे धरलं. मला त्यात आकडा दिसला, ह्यांना नुसते ठिपके. “लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. औषध नाही, काळजीही नाही.” हे खूश — “बघ, औषधाचं पान कोरंच!”
निघताना डॉक्टर म्हणाले, “मुलगी आहे ना? तिला मुलगा असेल तर त्यालाही दाखवा. आजोबांचं हे मुलीच्या मुलात उतरतं पुष्कळदा.”
पायरी उतरताना सोन्याचं चित्र आठवलं. ती तपकिरी पानं.

१३ जून
थोरलीला लिहिलं ते इथे उतरवून ठेवते — ‘उघड्या पानाचं नाव वर मोठ्या अक्षरांत येऊ दे, नुसत्या रंगावर सोडू नकोस. एवढीच चूक सापडली. आणि सोन्यावर हात उगारू नकोस. तो हट्टी नसावा, आजोबांवर गेला असावा. एक लाल, एक हिरवी पेन्सिल पुढे ठेव. वेगळ्या दिसतात का, जवळ घेऊन विचार. काय म्हणतो ते उलट टपाली कळव.’